एसीच्या बटणावरची पट्टी

चेतना,

मी मुलुंडला ताईकडे जातेय, संध्याकाळी येईन. आज दुपारी हॉलमध्ये लादीवर झोपू नकोस, सातवा महिना आहे. एसीच्या बटणावर बाबांनी चिकटवलेलं 'गरज असेल तरच लावा' तुझ्यासाठी नाही गं, तुझ्या नवऱ्यासाठी आहे. चैतन्य एसी चालू ठेवून अंघोळीला जातो. तू ते मनाला लावून घेतलंस हे कळल्यापासून बाबांना जेवण जात नाहीये, पण तुझ्याशी बोलायला जीभ रेटत नाही. बिलासाठी मी गॅलरीतला जुना फ्रीज बंद केलाय, त्यात नुसत्या पाण्याच्या बाटल्या होत्या. जेवलीस की एसी सव्वीसवर लाव, पंखा बारीक ठेव, दार लोटून घे. बाबा मीटर बघताना दिसले तर सरळ सांग, हे नातवंडाच्या नावावर लिहा.

आई