फाटकावरचा जोहार

बा, तू जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा चेहरा डोळ्यांपुढे आणायला मला आधी दारव्ह्याच्या जिनिंगचं फाटक आठवावं लागतं. फाटक दिसलं की त्याच्या बाजूला तू दिसतोस. अंगात मालकांनी दिलेला खाकी कोट, बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या, हातात काठी. कोट कुणा उंच माणसासाठी शिवलेला होता, पण तुझा त्याच्यावर फार जीव. वस्तीतले बाकीचे पुरुष कापसाचे बोजे उचलायचे. तू मात्र जमादार होतास, फाटकावर उभा राहायचास. आणि आपल्या वस्तीतल्या बहुतेक बायामाणसांना तिथे काम मिळालं होतं ते तुझ्याच शब्दावर. माझ्या मामीला, मायला, आणि सातवी पास होऊन घरी बसलेल्या मलाही.

दिवाळी सरली की कापसाच्या बैलबंड्या यायला लागायच्या. सकाळी भोंगा व्हायचा आणि आम्ही बाया रेच्यांवर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर, बसायला आत जायचो. तुझ्यासमोरून जाताना प्रत्येकजण आपापल्या रीतीनं बोलायचा. गावातले कुणबी "रामराम, जमादार" म्हणायचे. यंत्रांना तेल घालणारा चाचा "सलाम" करायचा. तांड्यावरच्या बाया "रामरामी" म्हणत हसत जायच्या. आपली माणसं "काय जमादार, चहा झाला का?" म्हणायची. तू सगळ्यांना ज्याचं त्याला परत द्यायचास, कुणाचं चुकवायचा नाहीस. संध्याकाळी तीच माणसं कापसाच्या तुसानं पांढरी होऊन बाहेर पडायची आणि "येतो, जमादार" म्हणायची. तू म्हणायचास, "या." एवढंच. पण ते "या" ऐकल्याशिवाय दिवस संपला असं मला वाटायचं नाही.

मालकांचा कारभार बघणारे दिवाणजी सायकलवरून यायचे, तेव्हा मात्र तू दुसराच व्हायचास. काठी भिंतीला टेकवायचास, कमरेत वाकायचास, हात मातीला लावून कपाळाला न्यायचास आणि म्हणायचास, "जोहार, मायबाप." ते सायकलवरून उतरायचेही नाहीत. लहान होते तेव्हा मला वाटायचं, जोहार म्हणजे खाली पडलेलं काहीतरी उचलणं.

मग छप्पन सालचा दसरा आला. आपण सगळे ट्रकमध्ये उभं राहून नागपूरला दीक्षा घ्यायला गेलो होतो. पांढरं लुगडं नेसलेली माय, पांढऱ्या धोतरातला तू. परतताना तू ट्रकच्या फळीला धरून रडत होतास आणि तुला त्याची लाज वाटत नव्हती. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव तूच टोपलीत भरून नदीला नेलेस. वस्तीत सकाळी पहिलं "जय भीम" तुझं असायचं. तू मोठ्यानं म्हणायचास, पलीकडच्या घरातून उत्तर येईपर्यंत थांबायचास. तेव्हाचा तू मला अजून फार आवडतोस, बा.

जिनिंग सुरू झालं त्या पहिल्या सकाळी मामी माझ्यापुढे होती. दिवाणजी नेमके फाटकात उभे होते. मामीनं पदर सावरला आणि म्हणाली, "जय भीम, दिवाणजी." तिच्यामागून आम्ही सगळ्यांनीच म्हटलं. दिवाणजींनी एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा तुझ्याकडे, आणि आत निघून गेले. माझं लक्ष तुझ्याकडे होतं. मला वाटलं होतं, तू हसशील. तू काठीकडे बघत होतास. आणि दुसऱ्या दिवशी त्यांची सायकल आली तेव्हा मी फाटकाच्या कमानीआडून बघितलं, तू वाकलास. हात मातीला गेला. "जोहार, मायबाप."

वस्तीतलं तुझं तोंड वेगळं आणि फाटकावरचं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. मायनं रात्री जेवताना विचारलं, तर तू म्हणालास, "सवय हाय वं. तोंडातून निंगते." आणि मग आमच्याकडे न बघता भाकरी मोडत बसलास.

त्याच हिवाळ्यात ज्यांनी दीक्षा दिली ते गेल्याची बातमी आली. वस्तीत चुली पेटल्या नाहीत. कामाला परत आलो तेव्हा सगळ्यांचे डोळे सुजलेले होते आणि फाटकातून जाताना माणसं एकमेकांना "जय भीम" म्हणत होती, रडत म्हणत होती, दिवाणजी आहेत की नाहीत हे बघतही नव्हती. दुपारी दिवाणजींनी तुला बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते तूच संध्याकाळी सांगितलंस, फाटक अर्धं लावून, सगळ्यांना थांबवून.

"फाटकात ते म्हनू नोका," तू म्हणालास. "घरी म्हना, वस्तीत म्हना. इथं रामराम म्हना, नाहीतर गुपचूप जा."

मामी म्हणाली, "काहून? इथं म्हनलं तं रेचा बंद पडते का?"

"दिवाणजी आपल्या जागी आर्णीकडून मानसं आनतो म्हनते. उद्याच आनीन म्हनते."

"अन् तुमी काय म्हनलं त्यायले?"

तुझी नजर खाली होती आणि त्या लांब बाह्यांमधून फक्त बोटांची टोकं दिसत होती. मामीनं जरा वाट बघितली. मग ती म्हणाली, "जोहार म्हनलं असंल." आणि तुला वळसा घालून बाहेर पडली. तिच्यामागून सगळे. त्या संध्याकाळी तुला कुणी "येतो" म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर दिवाणजींचं ऐकलं सगळ्यांनीच. काम कुणाला सोडवणार होतं? फाटकातून माणसं गुपचूप जायला लागली. आत रेच्यांची इतकी घरघर असायची, की शेजारचीचं बोलणं ऐकू येत नसे. तिथे बाया जागेवर बसायच्या आधी एकमेकींकडे बघून ओठ हलवायच्या. जय भीम. आवाज नाही, नुसते ओठ. मीही हलवायचे. दिवाणजींवर कुणाचा राग निघाला नाही, तो सगळा तुझ्यावर निघाला. चाचा सलाम करत राहिला, कुणब्यांचा रामराम चालू राहिला, तांड्यावरच्या बायांचंही काही बदललं नाही. पण आपली माणसं तुझ्यासमोरून अशी जायची, जसं तिथे कुणी उभंच नाही. तू सुरुवातीला तोंड उघडायचास. "काय रे, बरा हाय का?" पोरगा तसाच पुढे जायचा. मग तू विचारणं सोडलंस.

घरी मायशी तुझं एकदाच कडाक्याचं झालं. तू म्हणालास, "मंग म्या काय करू? समद्याइच्या चुली इझवू का?" माय म्हणाली, "चुली पेटून राह्यल्या. पन तुमी दिसून नाही राह्यले त्याइले." तू उठून अंगणात गेलास. मायचंही बरोबर होतं आणि तुझंही, आणि मी त्या वयात कुणाच्याच बाजूनं नव्हते. मला फक्त लाज वाटत होती. सकाळी तुझ्यासमोरून जाताना माझे पाय भरभर पडायचे. एकदा पाण्याच्या टाकीपाशी एक नवी बाई मामीला विचारत होती, "तो फाटकावरचा मानूस कोन हाय वं? कोनाशीच बोलत नाही." मी तिथेच ओंजळीनं पाणी पीत होते. मामी माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोनी नाही." टाकीपासून तुझी पाठ दिसत होती, कोटाच्या मागच्या शिवणीला मायनं लावलेलं ठिगळ दिसत होतं, आणि मला वाटलं, ह्या माणसानं आत्ता मागे वळून बघू नये.

पुढे त्या सातवीच्या दाखल्यावर मला मास्तरकी मिळाली. कळंबकडच्या एका गावात शाळा होती. पोरं उभी राहून "नमस्ते, बाई" म्हणायची तेव्हा पहिले काही दिवस मी गोंधळून जायचे. इतक्या तोंडांनी एकदम कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. हेडमास्तर ओट्यावर उभे राहून प्रत्येकाला "या, या" म्हणायचे आणि मला तू आठवायचास. मी सुटीत घरी यायचे. तू कमी बोलायला लागला होतास. खोकत असायचास.

त्याच सुमारास जुने दिवाणजी काम सोडून गेले आणि अमरावतीकडचे नवे दिवाणजी आले. तरुण होते. त्यांच्या पहिल्या दिवशी काय झालं ते तूच मला सांगितलंस, आणि ते सांगताना तुझा आवाज कसा होता ते मी विसरू शकत नाही. दिवाणजी फाटकात उभे होते. येणाऱ्याला स्वतःच "नमस्कार" म्हणत होते. वस्तीतल्या एका पोरानं सवयीनं नाही, मुद्दाम म्हटलं, "जय भीम." सगळे थबकले.

"अन् मंग?" मी विचारलं.

"मंग काय. तो बी जय भीम म्हनला. अन् सायकल लावाले चालला गेला."

मग तू म्हणालास, "एवढंच होतं, पोरी. एवढंच." आणि थोड्या वेळानं, "मंग म्या कायले...", पण ते तू पुरं केलं नाहीस. मीही केलं नाही. मी म्हणायला हवं होतं, की बा, तो काळ वेगळा होता, ते दिवाणजी वेगळे होते, तू नसतास तर माणसं खरंच आली असती आर्णीहून. हे सगळं मला माहीत होतं. पण मी तुझ्या अंगावर घोंगडी टाकली आणि भांडी घासायला बसले.

त्यानंतरची जी सकाळ आहे, ती मी कधी कुणाला सांगितलेली नाही. तू डबा विसरला होतास, म्हणून माय म्हणाली, देऊन ये. मी फाटकाशी पोचले तेव्हा भोंगा व्हायचा होता, माणसं बाहेर जमली होती. नवे दिवाणजी सायकलवरून आले. तू काठी भिंतीला टेकवलीस. मला कळलं, आता काय होणार. मी डबा घेऊन तिथेच उभी. तू वाकलास, पूर्वीइतकं वाकवत नव्हतं तरी वाकलास, हात मातीला नेलास. "जोहार, मायबाप." दिवाणजी सायकलवरून उतरले. चांगले होते रे ते, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी तुझ्या खांद्याला हात लावून तुला उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो बाबा, ते दिवस गेले. जोहार नका म्हणू. जय भीम म्हणा. तुमचीच माणसं आहेत ना ही?"

माणसं हसली. आधी पोरं, मग बाया. त्यात इतक्या वर्षांचा राग होता आणि गंमतही होती. तूही हसायला गेलास. ओठ हलले. मला दिसलं, की तू ते दोन शब्द म्हणायचा प्रयत्न करतोयस, जे वस्तीत तू सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचास. फाटकावर ते तुझ्या तोंडातून निघेनात. खोकला आला, आणि तू खोकत खोकत कमानीच्या सावलीत गेलास. डबा मी चाचाजवळ दिला. तू मला बघितलंस की नाही, हे मला आजवर ठाऊक नाही. संध्याकाळी तू म्हणालास, भाजी चांगली झालती.

खोकल्यानं तुझं काम सुटलं तो दिवसही मी पाहिला. रजा घेऊन आले होते. काम सुटायची वेळ होती. कोट आत जमा करून तू नुसत्या सदऱ्यावर बाहेर आला होतास आणि इतका बारीक दिसत होतास, की क्षणभर मी तुला ओळखलं नाही. घरी जायचं सोडून तू फाटकाच्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन उभा राहिलास. मी म्हटलं, "चाल ना, बा." तू म्हणालास, "भोंगा तं होऊ दे."

भोंगा झाला. माणसं निघाली. चाचानं तुझे दोन्ही हात हातात घेतले. तांड्यावरच्या एका म्हातारीनं तुझ्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. कुणब्यांचा रामराम झाला. आपली माणसं जात होती, पांढऱ्या तुसातली, डोकं खाली घातलेली, आणि तू प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतास. मामी शेवटी आली. तिचे केस पांढरे झाले होते, की तो कापूस होता, कळत नव्हतं. ती पुढे गेली, आणि मग परत आली. तुझ्यासमोर उभी राहिली.

"येतो, जमादार," ती म्हणाली.

तुला "या" म्हणता आलं नाही. तू नुसती मान हलवलीस, पुष्कळदा हलवलीस. वाटेत तू मला तीनदा तरी सांगितलंस, "तुह्या मामीनं म्हनलं. आइकलं ना तुनं? फिरून आली अन् म्हनलं." मी म्हटलं, "हो बा, ऐकलं." एखाद्याला कुणी मोठा मान दिल्यावर तो बोलतो, तसा तू बोलत होतास. आणि त्या बोलण्याची मला जितकी लाज वाटली, तितकी त्या जोहाराचीही कधी वाटली नव्हती. तुझी लाज नव्हे. इतक्या थोडक्यात तुला राजी व्हावं लागलं, याची.

पाऊस पडायच्या आत तू गेलास. वस्ती सगळी आली होती. सगळे "जय भीम" म्हणाले, मोठ्यानं, आणि तू नव्हतास.

हा कागद टपालात टाकायचा नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. मी आता निवृत्त आहे. पेन्शनच्या कामाला यवतमाळच्या कचेरीत जाते. तिथे खिडकीवर आपलाच एक मुलगा बसतो. मला बघितलं की तो उठून उभा राहतो आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणतो, "जय भीम, मॅडम." मीही म्हणते, बा. दर वेळी म्हणते. पण आधी रांगेत कोण कोण आहे ते बघून घेते, आणि मग म्हणते, जरा हळू.