साहेबाने शेवटी बोलायचं

मास्तर, तुम्ही शाळेत कधीच शिकवलं नाहीत, तरी रोह्याच्या कंपनीत सगळे तुम्हाला मास्तरच म्हणायचे, आणि तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली तरी मला दुसरं काही म्हणायला सुचत नाही. आज रविवार. दुपारचं जेवण झालंय. असे येरझाऱ्या का घालताय म्हणून बायको दोनदा विचारून गेली, दोन्ही वेळा पोटात गॅस झालाय म्हणून सांगितलं. खरं कारण उद्याचं आहे. उद्या सकाळी वीस नव्या ट्रेनींना गोल बसवून मला गटचर्चा घ्यायची आहे, तुमच्याच पद्धतीने, आणि विषय दिलाय आमच्याच प्लांटमधल्या गुरुवारच्या अपघाताचा.

तुमची पद्धत मला तोंडपाठ आहे. फळा नाही, पुस्तक नाही. कॅन्टीनच्या टेबलाभोवती आम्हाला बसवायचं, एखादं काम सांगायचं, त्यात मुद्दाम एक चूक घालायची आणि चहा फुंकत गप्प बसायचं. सगळ्यात नवा असेल त्याने आधी बोलायचं, मग त्याच्या वरचा, साहेबाने शेवटी. एकदा माझ्या आधी बोललेल्याकडे बोट दाखवून मी आपला सरळ म्हणालो, "ह्यांचं तेच माझं." तुम्ही कप खाली ठेवलात. "कंपनीने तुला मान डोलवायला ठेवलाय काय रे? नंदीबैलच पायजे असता तर दारावर येतो तोच बोलावला असता!" सगळे खो खो हसले. माझे कान तापले. आठवडाभर तुमच्याशी बोललो नाही मी, आठवतं? मग तुम्हीच रामवाडीच्या घरी जेवायला बोलावलंत. तिथे तरी सुटका कुठे! कुकरची शिट्टी होईना, तर तुम्ही आम्हा तिघांना स्वयंपाकघरात उभं केलंत आणि का होत नाही ते विचारलंत. तिघांत मी नवा. म्हणालो, रिंग नीट बसली नसेल. दुसरा म्हणाला, पाणी कमी पडलं. तिसऱ्याने शिट्टीत भात अडकवला. शेवटी काकू पोळपाट आपटून ओरडल्या, "अहो, सिलिंडर संपलाय मघाशीच! माणसं उपाशी बसलीत आणि ह्यांची मीटिंग चाललीय!" तुम्ही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात. म्हणालात, "बघा, जिचा रोज हात लागतो तिला कुणी विचारलंच नाय."

आता गुरुवारचं सांगतो. उद्यावर ढकलायला बघतोय, पण सांगतो. गरम पाण्याच्या पंपाचं सील बदलायचं होतं. शिफ्ट माझी. सहा माणसं, त्यांतला एक माझ्या बायकोचा सख्खा चुलता. आधी मिठागरावर होता, गेली कित्येक वर्षं आमच्याकडे ठेकेदाराच्या माणसांत आहे. गेटबाहेर मला जावईबापू म्हणतो, आत आला की साहेब. तो पंप त्याच्या हाताखालचा. काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी मिळून पाच मिनिटं चर्चा करायची हा नियम तुमच्या वेळी फक्त तुमच्या तोंडात होता, आता त्याचा छापील फॉर्म आहे. मला घाई होती, दुपारच्या शिफ्टच्या आत पंप चालू हवा होता. म्हणून मीच आधी बोललो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पाणी काढलेलं आहे, बोल्ट सोडा. माना डोलल्या. 'चर्चा झाली' यापुढे मी टिक केली, सही केली. आणि पंपापुढचा व्हॉल्व्ह बंद असूनही आतून पाणी सोडत होता. चुलत्याने दुसरा बोल्ट ढिला केला तसं कढत पाणी त्याच्या उजव्या हातावर आलं, बोटांपासून कोपरापर्यंत. त्याचं ओरडणं अजून माझ्या कानांत आहे.

पेणला दवाखान्यात त्याला बघायला गेलो. हाताला बँडेजचा हा एवढा गठ्ठा. मला बघून उठायला लागला! "चूक माझीच हाय, जावईबापू. सकाळीच मला तो व्हॉल्व्ह बेकार वाटलेला. पण तुम्ही सांगत होता, मी बोललोच नाय." चुलती माझ्या बायकोला म्हणाली, "जावयाला चारचौघांत अडवतील काय गो हे? तू तरी सांग." बायकोने डोळे पुसले. मी मोसंबी सोलत बसलो. चौकशीवाले तिथेच खाटेपाशी आले, त्यांनाही त्याने हेच सांगितलं, आणि कालच रिपोर्टात आलं की कामगाराला धोका माहीत असूनही त्याने कळवला नाही. एक तारखेपासून त्याचा गेटपास बंद. या वयात, असा हात घेऊन, त्याला दुसरीकडे कोण उभं करणार? आमचे मॅनेजर मात्र खूश आहेत. म्हणाले, गटचर्चेला फर्स्टक्लास विषय आहे, आपली माणसं बोलत नाहीत हा मुद्दा पोरांकडून काढून घ्या.

मला तुमचा राग येतोय, मास्तर. खरंच येतोय. साहेबाने शेवटी बोलायचं हे शिकवलंत, पण साहेबाचंच चुकलं तर त्याने कितव्या नंबरावर बोलायचं हे शिकवायच्या आधीच निघून गेलात. उद्या पोरं गोल बसतील, सगळ्यात नवा आधी बोलेल, कामगार का गप्प राहिला याची कारणं सांगेल. लाज, भीती, नातं. वीस जण वीस कारणं देतील आणि मी तुमच्यासारखा चहा फुंकत बसेन. शेवटी माझी पाळी येईल. काय बोलू? बायको मघाशी म्हणाली, "तुम्ही कशाला जिवाला लावून घेताय? काका बोललेच नायत, तुम्ही तरी काय करणार?" मी बरं म्हणालो.

हे कुठे पाठवणार नाही, तेव्हा लिहून टाकतो. चुलता गप्प नव्हता. माना डोलून झाल्या, मी सही करत होतो, तेव्हा तो एक पाऊल पुढे आला. "साहेब, तो पुढचा व्हॉल्व्ह जरा..." एवढं म्हणाला. मी ऐकलं, मास्तर. नीट ऐकलं. घड्याळ बघितलं आणि त्याला म्हणालो, "काका, नंतर."