नव्या प्रयोगशाळेचं ताबापत्र

भोपाळ, ४ जून १९८९

ती. प्रमिलाताईस, दिगंबरचा शि. सा. न.

लिंबाचं लोणचं पोचलं. सुधाने बरणी माझ्यापासून लपवून ठेवली आहे. टाउनशिपच्या आमच्या कॉलेजची विज्ञान इमारत पुरी झाली. जुन्या चार खोल्यांच्या जागी तीन मजले, काचेच्या भिंती, एसी, पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायची सोय. हे सगळं इंजिनिअर म्हणून तुझ्या हेमंतने उभं केलं, याचा मामाला अभिमान आहेच.

पण रसायनशाळेतला विषारी धूर बाहेर खेचणारं कपाट नकाशात होतं, ते बसवलंच नाही. त्याची नळी दर्शनी काचेवर दिसली असती म्हणे. खिडक्या तर उघडतच नाहीत. हेमंत म्हणाला, मामा, एसी आहे ना. ताबापत्रावर विभागप्रमुखाची, म्हणजे माझी सही लागते. ती मी अडवली आहे. वायू म्हणजे काय हे या गावात मी कुणाला समजावून सांगू? आमचा प्रयोगशाळेतला शिपाई शांताराम त्या कारखान्याजवळच्या करोंद वस्तीतून येतो. चौऱ्याऐंशीच्या वायुकांडापासून त्याला एक जिना चढायला दोनदा बसावं लागतं.

रागावलीस तरी माया तशीच ठेव.

तुझा,
दिगू

इंदूर, १३ जून

चि. दिगंबरास अनेक आशीर्वाद.

हेमंतचं पत्र आलं. जुलैत उद्घाटन आहे, आणि तुझी सही नाही म्हणून वरचे साहेब त्याच्यावर खेकसतात. त्याची बढती यावरच अडली आहे. परक्याने अडवलं असतं तर समजले असते. त्याचे वडील गेल्यावर तूच त्याला शिकवलंस ना? दिवाळीपर्यंत कपाट बसवतो, असं तो माझी शपथ घेऊन म्हणतो. माझ्यासाठी सही कर. आणि डोक्याला जरा तेल लाव, थंड राहील.

सुधाला आशीर्वाद. आहे तसाच माझा राहा.

प्रमिला

भोपाळ, २२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी सही केली. उद्घाटन झालं, हारतुरे झाले. कपाट आलं नाही.

मंगळवारी प्रॅक्टिकल चालू असताना वीज गेली आणि एसी बंद पडला. चाळीस मुलं, आणि खोलीभर कुजक्या अंड्यासारख्या वासाचा तो वायू. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मोजत बसलो. शांताराम मोजायला थांबला नाही. उषा नावाची एक मुलगी आतल्या खोलीत पडली होती, तिला त्याने ओढत आणलं आणि तो उंबऱ्यातच कोसळला. उषा घरी गेली. शांताराम काल गेला.

त्याच्या बायकोने, शारदाने, मला विचारलं की साहेब, काच फोडायला दगड नव्हता का? होता गं, ताई. मला सुचलंच नाही.

दिगंबर

इंदूर, १ ऑक्टोबर

चि. दिगंबरास आशीर्वाद.

हेमंत इथे आला आहे. धड जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. चौकशी बसली आहे ना? वायूच्या उपकरणाची तोटी शांतारामने उघडी ठेवली, एवढंच तू लिहून द्यावंस असं तो म्हणतो. जो गेला त्याचं आता काय बिघडणार आहे? हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण माझं एकच पोर आहे.

तुझी,
ताई

भोपाळ, ९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

तोटी बंद होती. मी स्वतः बंद केली होती. खोलीत साठला तो मुलांच्या प्रयोगांतलाच वायू, त्याला बाहेर जायला वाट नव्हती. दोष शांतारामचा ठरला, तर त्याच्या जागी शारदाला मिळायची नोकरीही जाईल.

मी खरं ते लिहून दिलं. कपाट हेमंतने गाळलं, आणि ते माहीत असून मी सही केली. कुणाच्या सांगण्यावरून केली, ते लिहिलं नाही. मला कामावरून दूर केलं आहे. क्वार्टर सोडावं लागेल, बाग सेवनिया या वस्तीत दोन खोल्या पाहतो आहे. सुधा भांडी बांधते आहे.

पत्राची वाट पाहीन.

दिगू

इंदूर, २० ऑक्टोबर

दिगंबर,

हेमंतला निलंबनाचं पत्र मिळालं. तू खोटं काहीच लिहिलं नाहीस, हे मला कळतं. सही कर म्हणून मीच सांगितलं होतं, तेही विसरले नाही. म्हणूनच तुला समोर पाटावर बसवून ओवाळणं माझ्याने होणार नाही. यंदा भाऊबीजेला येऊ नकोस.

प्रमिला