खळीतली पुरचुंडी

४ जानेवारी, रविवार

वैशीच्या पट्ट्यांना परत बुरशी आली. तिसऱ्यांदा. काचेच्या डबीतनं घेऊन आली आन माझ्या नाकाखाली धरली. "आज्जी, तू सांगितलंस तसंच केलंय. चिंचोके भाजले, सोलले, भिजवले, वाटले, शिजवले. पाचव्या दिवशी हे." घोंगडीच्या चार-चार बोटं पट्ट्या, खळ लावून ताठ केलेल्या, आन वर पांढरी लव, मांजराच्या पिल्लागत. मी म्हणलं, तुमच्या विद्यापीठाची हवाच ओली आसंल. हसली न्हाय. एरवी माझ्या असल्या बोलण्याला हसती.

तिच्या आढाव्याला महिना बी राहिला न्हाय.

लिहितीय शालन. माझी सून, वैशीची आई. मला लिहिता येत न्हाय आन तिला लिहिताना बोलता येत न्हाय, म्हणून तासभर घर शांत. (पेन लई दाबलं. कागद फाटंल.)

५ जानेवारी

ही वही वैशीनंच आणली. अनुदानाच्या कामाला रोजची नोंद लागती म्हणं: खळ कवा केली, किती केली, ऊन कसं होतं. ती नोंद चार दिवसांत संपली, वही उरली. मी म्हणलं, मग बाकीचं बी लिहू. "मग ती तुझी खाजगी वही होईल, आज्जी." मग तर लईच बरं.

अनुदान म्हणजे, विद्यापीठ आपल्याच मास्तरांना देतं ते. शोध लावायला, कला करायला. औंदा एका मास्तरला नाटक बसवायला, एका बाईला चित्रं काढायला, आन आमच्या वैशीला, रसायनाच्या मास्तरणीला, खळ शिजवायला. तिनं अर्जात लिहिलं की आमच्या घरच्या घोंगडीला कसर लागत न्हाय, बुरशी येत न्हाय, पंधरा-पंधरा वर्षं टिकती, ते कशानं, ते शोधून काढती. पहिला हप्ता मिळाला. आता समितीला पट्ट्या दाखवायच्या. पटलं तर पुढं, न्हायतर काम तितंच बंद, आन मग कैक दिवस दुसरा अर्ज करायचा न्हाय. दोन वर्षं मागं लागली होती ती ह्याच्या.

चिंचोके घ्यायचे तर तीन दुकानांची दरपत्रकं आण म्हणले होते तिला. चिंचोक्याची. मी म्हणलं, तीन झाडांकडनं लिहून आण.

६ जाने.

आठवलं म्हणून. सुरवातीला माझा अंगठा घेतला होता एका कागदावर. संमतीचा. त्यात माझं नाव न्हाय, 'माहितीदार क्रमांक एक'. मी इचारलं, दोन कोण? "दोन कुणी नाही, आज्जी." मग एक तरी कशाला? मला 'ती म्हातारी' लिहिलं आस्तं तरी वळखलं आस्तं.

८ जाने., गुरुवार

वैशी कालिजातनं सरळ हितं आली, सासरी गेलीच न्हाय. दिवाळीत माझी खळ करतानाची फिल्म काढली होती मोबाईलवर, ती पुढं धरली.

"हे बघ. उकळी आली. आणि तू पाठ फिरवलीस."

"धूर डोळ्यात गेला."

"हे बघ. खळ उतरवायच्या आधी परत."

"धूर मला इचारून येतो व्हय?"

"आणि हा तांब्या कशाला जवळ? वर वाटी झाकून?"

"तहान लागती."

"पूर्ण फिल्ममध्ये एकदाही प्यायली नाहीस."

शालन भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मग परत सुरू झाला, पण ती भाकरी वाकडी झाली. तीच मला वाढली.

१० जाने.

शालन, दार लोट आन लिही.

पाठ फिरवली कारण पानाच्या चंचीत हात गेला. पन्नास वर्षं जातोय तसा गेला. खळीला उकळी आली की वेखंडाची पुरचुंडी सोडायची. दोऱ्यानं बांधून. उतरवायच्या आधी काढून तांब्यात टाकायची, वर वाटी. आल्यागेल्याला खळ दिसती, पुरचुंडी दिसत न्हाय. माझ्या सासूनं शिकवलं, बिरोबाचा भंडारा हातात देऊन, शपथ घालून. सुनेला सांगायचं, लेकीला न्हाय. लेक दुसऱ्याच्या घरी जाती, जाताना घराची खळ घेऊन जाती.

मोबाईलम्होरं हात गेला तो सवयीनं. ते मी ठरवून केलं न्हाय. पण नंतर वैशीनं इचारलं, "आज्जी, सगळं सांगितलंस ना?" आन मी "व्हय" म्हणलं. ते ठरवून.

आज येवढंच. शालन, मीट वही.

११ जाने., रविवार

शालन म्हणाली (तिलाच लिहायला लावतीय, जसं म्हणाली तसं): "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुमी माझ्या हातात भंडारा दिला, आत्या. तवा वैशी पोटात होती. जी पोटात हाय तिलाच सांगणार न्हाय म्हणून मी शपथ घेतली. कळलं बी न्हाय मला."

मी सुपारी कातरत राहिले.

"तिसऱ्यांदा बुरशी आली तवा माझ्या तोंडापतुर आलं होतं. गिळलं. पोरगी डबी घेऊन उभी, आन आय समोर चहा गाळत."

"मग बोलायचंस की."

"तुमी मोकळं करा. मग बोलते."

तिनं हे सगळं लिहिलं का, का काय भलतंच लिहिलं, मला काय कळणार. पण पेन बराच वेळ चाललं.

१३ जाने.

गुडघा. शेंगाची चटणी कुटली. शालन बोलत न्हाय, पण लिहिती.

१४ जाने., संक्रांत

वैशी तिळगूळ घेऊन आली. गोड बोल म्हणली. खरं बोल म्हणली न्हाय, येवढी पोर समजूतदार. घरभर हिंडली, वेळूची जुनी पेटी उघडली, माझ्या लग्नातली घोंगडी काढून नाकाला लावली. "कशाचा तरी वास आहे ह्याला. खोल कुठंतरी." मी म्हणलं, तुझ्या आज्ज्याचा आसंल. तवा हसली, आन हसत हसतच डोळे पुसले. "दोन तारखेला आहे आढावा. काय दाखवू मी? मांजराची पिल्लं?"

रात्री जेवण गेलं न्हाय. वही नको म्हणलं शालनला, तरी घेऊन बसली.

१५ जाने.

माझ्या एकटीचं आस्तं तर कालच सांगितलं आस्तं. पण सांगोल्याला माझी धाकटी जाऊ हाय, तानी. तिलाबी सासूनं तोच भंडारा दिलेला. तिचा लेक श्रीपती अजून मागावर बसतो, सगळ्या घराण्यात तो एकटाच. तिला न इचारता मी कशी बोलू. इचारायलाच पायजे. शालनला म्हणलं, रविवारी सांगोल्याला जायचं. "गुडघा?" त्यालाबी घेऊन जाऊ.

१८ जाने., रविवार

एष्टीनं सांगोला. जनावरांचा बाजार, उतरायला जागा न्हाय. एक बोकड शालनच्या पदराला लागला, आठवड्यात तिच्याशी आपणहून बोललेला तो पयलाच आसंल.

तानी अंगणात लोकर पिंजत बसलेली. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण आब माझ्याहून जास्त.

"आक्का, कुणाचं मरण घेऊन आलीस? सणाला येत न्हाईस, आज कशी?"

सांगितलं सगळं. अनुदान, समिती, पट्ट्या. ऐकत होती, हात थांबला न्हाय.

"म्हंजी ती पुस्तकात छापणार."

"छापणार आसंल."

"आक्का, माझा श्रीपती जत्रेत बसतो. शेजारी यंत्रावरची घोंगडी अर्ध्या किमतीत. तरी लोक ह्याच्याकडं येत्यात, का? ह्याच्या घोंगडीला कसर लागत न्हाय म्हणून. येवढं एकच हाय आमच्याकडं. तुझी वैशी मास्तरीण. तिचं हे काम बंद पडलं तर दुसरं काढंल. ह्यानं काय काढायचं?"

बोलायच्या जागी मी तिच्यातली मूठभर लोकर घेऊन पिंजायला लागले. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत असं झालं न्हाय, शालन साक्षीला होती, खूष झाली आसंल.

निघताना तानीनं दाळिंबं दिली. पोरीला दे म्हणली. नाव घेतलं न्हाय, पण पोरीला दे म्हणली.

२० जाने.

तानीचं खरं हाय. शालनचं बी खरं हाय. वैशीचं तर हायच. सगळ्यांचं खरं आसल्यावर माझ्यासारखीनं काय करायचं, पान खायचं.

सासू आठवली. तिनं सांगितलं तवा म्हणाली होती, घर टिकलं पायजे. कुठलं घर ते म्हणली न्हाय. त्या वक्ताला एकच होतं.

२२ जाने., गुरुवार

देवापुढं शालनच्या तळहातावर भंडारा ठेवला आन परत काढून घेतला. शपथ घ्यायला इधी हाय, काढून घ्यायला इधी न्हाय, म्हणून मीच केला. शालन म्हणली, "झालं?" मी म्हणलं, मला तरी झाल्यासारखं वाटतंय, बिरोबाचं बिरोबाला.

मग वैशीला बोलावलं. शालनला म्हणलं, तू सांग, तुझी लेक हाय. तिला बोलवंना. शेवटी चंचीतनं पुरचुंडी काढून मीच वैशीच्या हातात दिली. तिनं हुंगली. कळलं तिला. पेटीतल्या घोंगडीचा वास.

"सहा महिने, आज्जी."

"व्हय."

"लेक म्हणून नाही सांगितलंस?"

"व्हय."

"आणि आईला माहीत होतं?"

मग शालन उठली, तिच्या म्होरं बसली आन म्हणली, "होतं." येवढंच. वैशी रागावली न्हाय. रागावली आस्ती तर सोपं गेलं आस्तं. थोड्या वेळानं तिनं आईच्या मांडीवर हात ठेवला, आन मी उगंच पानाला चुना शोधत बसले.

मग तानीचं बोलणं सांगितलं. वैशीनं पुरचुंडीची गाठ चाचपली. "समितीला घटक सांगावा लागतो. लपवून शोध होत नाही. आणि अहवाल निघाला की कुणीही वाचणार."

"तांब्यात टाक, वर वाटी ठेव."

आता हसली.

२४ जाने.

वैशीच्या प्रयोगशाळेत नेलं मला. शालन बी. चूल न्हाय, तवा न्हाय, एक पांढरी चकती, ती आपली आपण तापती. उकळी कवा आली ते यंत्र सांगतं. मी यंत्राच्या आधी सांगितलं. तिथली एक पोरगी मला मॅडम म्हणली. दोनदा म्हणायला लावलं.

पुरचुंडी सोडली. पयल्यांदा पाठ न फिरवता. वैशी बघत होती, शालन बघत होती. उतरवताना पुरचुंडी काढली आन सवयीनं तांब्या शोधला. वैशीनं काचेचा पेला म्होरं धरला. काचेतनं सगळं दिसतं.

२९ जाने.

पाचवा दिवस. पट्ट्या स्वच्छ. शालननं देवाला साखर ठेवली. मी म्हणलं, देवाला कशाला, माहितीदार क्रमांक एकला दे.

३१ जाने.

सातवा दिवस. स्वच्छ. बिनवेखंडाच्या शेजारच्या पट्ट्या, मुद्दाम ठेवलेल्या, त्यांना लव आली. आता वैशीला दाखवायला काय तरी हाय. तरी ती खूष न्हाय. "उद्या सांगोल्याला जाते," म्हणली. "मी येऊ?" "नको, आज्जी. मलाच विचारायचंय त्यांना."

१ फेब्रु., रविवार

संध्याकाळी आली, खांद्यावर नवी घोंगडी. श्रीपतीनं विणलेली. तानीनं दिली म्हणं. समितीला हात लावून बघू दे, म्हणली.

"आन सांगायचं का न्हाय?"

"ते काही बोलल्या नाहीत. मी म्हणाले, अहवालात तुमचं नाव घालते, श्रीपतीकाकाचं घालते, ही खळ कुणाच्या घरची ते आधी लिहिते. मला म्हणाल्या, नावानं कसर जाती व्हय. मग जेवायला वाढलं."

"वाढलं म्हंजी..."

"म्हणजे वाढलं, आज्जी. एवढंच कळलं मला. निघताना म्हणाल्या, बघते."

तानीचं 'बघते' मला चाळीस वर्षं कळलं न्हाय. एका दिवसात हिला कसं कळावं.

२ फेब्रु., सोमवार

नवी पुरचुंडी मी बांधली, वैशीच्या हातात दिली. "गाठ मी मारलीय. तितं सोडायची का न्हाय, तू ठरव."

"आणि नाही सोडली तर? त्यांनी बंद केलं तर?"

"तर बंद. घोंगडी तेवढी परत आण. श्रीपतीची हाय."

नऊला गेली. एका हातात पट्ट्यांच्या डब्या, खांद्यावर घोंगडी, पुरचुंडी पर्समधी. रिक्षावाल्यानं इचारलं म्हणं, ताई, कुठं बिऱ्हाड हालवताय का.

आता दुपारचे तीन वाजून गेल्यात. वैशीचा नंबर चार मास्तरांनंतर, नाटकवाल्याच्या मागं. नाटकवाला लई बोलत आसंल. शालननं फोन मांडीवर ठेवलाय आन वही त्याच्यावर, त्यामुळं अक्षर वर-खाली होतंय म्हणं. मला सारखंच दिसतं. मी म्हणलं, कायबी लिही, हात चालू ठेव. काय लिहू? लिही, की आज थंडी न्हाय. लिही, की शालननं सकाळपासनं तीनदा चहा टाकला आन एकदाबी साखर

वाजला. शालन म्हणती, वैशीचा न्हाय, सांगोल्याचा हाय. तानीआत्या.

पेन ठेव आदी, उचल की.