सपरीतल्या किसण्या

आई, आज गोंदियाच्या बाजारातून कोहळा आणला. माझ्याकडे आता चार बाजूंची किसणी आहे. एका बाजूला मोठी भोकं, एका बाजूला बारीक. उरलेल्या दोन बाजू कशासाठी, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तुझी पत्र्याची एकच. तिच्यावर गाजर, कैरी, आलं, सुकं खोबरं सगळं किसायचीस, आणि एकदा तर कपडे भिजवायला साबणाची वडीसुद्धा. पुढे कितीतरी दिवस बाबा खोबऱ्याची चटणी हुंगून मगच खायचे.

पण किसणीचं खरं काम हिवाळ्यात, उडदाच्या डाळीत कोहळ्याचा किस घालून वाळवायच्या वड्यांना. शेजारणी आपापली किसणी घेऊन घरासमोरच्या छपराखाली, सपरीत, यायच्या. अख्ख्या कोहळ्यावर बाईनं पहिला घाव घालायचा नाही, ही आपल्याकडची रीत. तो बाबा घालायचे, मग तुमचे हात सुरू.

बाबा गेले त्या वर्षीचा हिवाळा अजून डोळ्यांपुढे आहे. उडदाची डाळ वाटून तयार आहे, कोहळा मधोमध, आणि बायका किसण्या मांडीवर घेऊन वाट पाहत बसल्या आहेत. बाबांचे थोरले भाऊ, मोठे बाबा, कापायला येणार होते, ते सालेकशाला अडकले. आज किस पडला नाही तर डाळ आंबणार. पण तुला भीती वेगळीच होती, आणि ती मलाही कळत होती: घरात कोहळा कापणारा माणूस नाही, तर यापुढे या बायका आपल्या दारी येतील का?

"थांब ना वो बाई, कोनी मानूस येईन," शेजारची मावशी म्हणाली.

"कायले थांबू? माहा मानूस आता येत नाई," असं म्हणून तू कोयता उचललास.

कोहळा एका घावात फुटला नाही. दुसऱ्या घावात दोन फाका झाल्या. मग मावशीनंच एक फाक पुढ्यात ओढली, किसणीवर धरली आणि बाकीच्यांवर खेकसली, "काऊन पाहून राहिल्या वो? डाळ आंबून जाईन ना!" हळूहळू सगळ्या किसण्या वाजू लागल्या. तू पाणी आणते म्हणून आत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. त्या दिवसापासून त्या मावशीवर माझा फार जीव.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तरी एक सांगते, हसू नकोस. कोहळा कापायला मी दरवर्षी ह्यांनाच हाक मारते. रीत म्हणून नाही. कापता मलाही येतो. आतल्या खोलीतून "आलो" ऐकू यावं, एवढ्यासाठी.