बाबांनी धुतलेले दगड

आई, तू असतीस तर हे दगड उंबरा ओलांडूच शकले नसते. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, बादलीत बसून ते शहरातून आमच्या हिंजवडीपर्यंत आले, आणि वास असा, की लिफ्टमधल्या बाई स्वतःचा मजला यायच्या आधीच उतरल्या. तुझ्या जावयाने हौसेने माशांसाठी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आहे. तिच्यात आधी मासे नाहीत, आधी दगड. जिवंत दगड म्हणतात त्यांना. समुद्रातून तोडून आणलेले नव्हेत, तशी परवानगीच नाही. दुकानदाराने आपल्या टाकीत लोणच्यासारखे मुरवलेले. त्यांच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात आणि माशांची घाण पचवतात. दगड मुरलेला नसेल तर मासे आपल्याच घाणीने मरतात. हे सगळं मला ठाऊक होतं, पण बाबांना मी "गॅलरीत दगड आहेत" एवढंच सांगितलं आणि आम्ही दोघं ऑफिसला गेलो.

बाबा आता माझ्याकडे असतात. सदाशिव पेठेतली आपली इमारत पाडायला घेतली, तेव्हा नाइलाजाने आले. तू गेल्यावर इतकी वर्षं एकट्याने त्यांनी घर तुझ्याच शिस्तीत चालवलं, आणि इथे त्यांच्या हाताला काही कामच नाही. भांड्यांना बाई, कपड्यांना यंत्र, भाजी दारात. "लेकीकडे पाहुण्यासारखं राहावं, बिऱ्हाड करू नये," असं ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले आणि वृद्धाश्रमातली एक खोली बघूनही आले. जावई खूप विनवायचा. त्यावर बाबा म्हणायचे, "अहो, तुमचा राग नाही. पण मी इथे नक्की काय करतो, तेवढं सांगा." त्यांची बॅग कपाटात जात नव्हती, पलंगाशेजारीच उभी असायची. मला ती बॅग बघवत नसे.

त्या संध्याकाळी घरी आले तर बाबा कधी नव्हे ते दारात उभे. चेहरा खुललेला. म्हणाले, "ये, बघ." गॅलरीत जुन्या चादरीवर सगळे दगड कलत्या उन्हात वाळत मांडलेले. गीझरच्या कढत पाण्यात भिजवून, काथ्याने खसाखसा घासून, भोकांत खराट्याची काडी घालून त्यांनी ते पांढरेस्वच्छ केले होते. "काय घाण होती गं त्यात! बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, हे तुम्ही लोक विसरलात." ते तुझंच वाक्य होतं, आई, तुझ्याच सुरात. बाजारातून आलेली नाणीसुद्धा तू धुवायचीस. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग तोंडून निघून गेलं, "बाबा, अहो, ते जिवंत होते!"

ते मटकन खुर्चीवर बसले. मला वाटलं, झालं, आता उद्या बॅग उचलणार. तर ते एकदम म्हणाले, "तुझ्या आईने शंख उकळले होते, तेव्हा तिला कुठे कोण बोललं होतं?" तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव असं सहज कधी काढलं नव्हतं. मला तो दिवस जसाच्या तसा दिसला. कोकणातून मी पिशवीभर शंख आणलेत, ते वास मारतील म्हणून तू पातेल्यात टाकलेस, आणि पाणी उकळताना एका शंखातून इवलासा खेकडा बाहेर येतो. तू गॅस बंद करतेस आणि ओट्याला पाठ लावून खाली बसतेस. त्या दिवशी तू जेवली नाहीस. पुढच्या खेपेला मात्र किनाऱ्यावर तूच वाकून प्रत्येक शंख तळहातावर ठेवत होतीस, आत कुणी राहतंय का बघत होतीस, हललं की हलकेच पाण्याशी सोडत होतीस. बाबा म्हणाले, "तो खेकडा ती कधी विसरली नाही. मलाही विसरू दिला नाही." मग आम्ही दोघं तुझ्यावर मनसोक्त हसलो. राग मानू नकोस.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका. ते दगड आणून द्या, मुरलेले दुसरे घेऊन जा." मी विचारलं, "आणि तेच ठेवायचे असतील तर?" "मग एक चांगला दगड मध्ये ठेवा. त्याच्या संगतीने बाकीचे मुरतील. पण त्याला वेळ लागतो हो." मला तेच हवं होतं. मी एकच दगड मागितला. घरी येऊन बाबांना म्हटलं, दुसरा उपाय नाही, आता रोज कुणीतरी लक्ष द्यायला हवं. बाबांनी चष्मा पुसला. "या दगडांचं काय ते मार्गी लावतो आणि मग जातो," म्हणाले.

तेव्हापासून टाकी बाबांची. आटलेलं पाणी तेच भरतात. एकही मासा नसताना चिमूटभर खाणं टाकतात, कारण त्या न दिसणाऱ्यांनाही खायला लागतं. "नैवेद्यच हा," म्हणतात. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब सोडतात आणि रंग बघतात. हिरवा म्हणजे विष आहे, पिवळा म्हणजे दगडांनी पचवलं. सुरुवातीला गडद हिरवा यायचा आणि बाबा चहाला नाही म्हणायचे. हळूहळू दगडांवर तपकिरी साय धरली, मग ती विरली. परवा एका पांढऱ्या दगडाच्या कडेला जांभळा ठिपका दिसला, म्हणजे दगडाने जीव धरल्याची खूण. तो दाखवायला त्यांनी जावयाला मीटिंगमधून उठवलं. सोसायटीतले दोन आजोबा हल्ली रोज टाकी बघायला येतात, आणि बाबा त्यांना आधी हात धुवायला लावतात.

हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे. आज सकाळी बाबांनी नळी उजेडात धरली. पाणी हळदीसारखं पिवळं होतं, सलग तिसऱ्यांदा. दगड मुरले, आता मासे आणायला हरकत नाही. बाबा नळीकडे बघत राहिले, बघतच राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला जरा हिरवट वाटतंय गं. तुला?"

मी चष्मा लावला, नळी हातात घेतली, नीट निरखून पाहिली आणि म्हणाले, "हो बाबा, जरा हिरवट आहे."