कमळाचं गणगोत

माय, परवा अड्याळच्या आपल्या तलावावर जाऊन आले. कमळं कमी झालीत, पाणीही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आपण विहारासाठी फुलं काढायचो तो काठ गाळानं भरलाय. तू लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात, मी काठावर टोपली धरून. आधी मोठं कमळ, मग ते छोटं, पुस्तकात ज्याला कुमुद म्हणतात. "दोघी बहिणीच हायेत," तू म्हणतेस. विहारात बायका माझ्याकडे बघून तुला सांगतात, "पोरगी अगदी तुयावानीच दिसते." तू माझा फ्रॉक सारखा करत राहतेस.

आता मी पोट भरते ते यावरच. फुलांचे आकार कसे बदलत आले, हे त्यांच्या जनुकांवरून शोधायचं. पान वाटायचं, डीएनए काढायचा, वाचून घ्यायचा आणि कोण कोणाच्या जवळचं ते संगणकाला विचारायचं. तुझ्या त्या दोघी बहिणी नाहीत, माय. कुमुदाची वाट फार आधीच वेगळी झाली, आणि कमळाचं जवळचं नातं निघतं कोरड्या जमिनीवरच्या झाडांशी. पाण्यात राहून दोघींनी रूप तेवढं सारखं घेतलं. कॉलेजात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा सुट्टीत येऊन तुला केवढ्या हौसेनं सांगितलं होतं. तू पावशीवर कमळाचे कांदे चिरत होतीस. हात थांबला. "असं रक्तावरून समजते का सारं?" म्हणालीस. फुलांना कुठलं आलंय रक्त, म्हणून मी हसले.

पुढे तुझ्या किडन्या गेल्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डायलिसिसच्या खाटेशी बसून मी म्हणायचे, माझी एक घे, निदान तपासणी तर होऊ दे. "कायले? तुयं सारं आयुष्य पडून हाये. मले नाही पाहिजे." दर वेळी तेच. शेवटी मी चिडून बोलणंच टाकलं. तू गेल्यावर, जलदानविधीच्या दिवशी, मावशीनं स्वयंपाकघरात सांगितलं, "तू तिच्या पोटची नाहीस. तपासात तुले समजून जाईन म्हणून भेत होती."

मला राग आला, अजून येतो. तुझ्यावर. एवढ्यासाठी कोणी मरतं का? कळलं असतं तर मी काय घर सोडून गेले असते? रक्ताचं नातं नसलं तरी कधीकधी जुळतं, माय. माझी किडनी जुळली असती का, हे आता कोणतंच यंत्र सांगणार नाही.

मागच्या महिन्यात बीपी वाढलं म्हणून डॉक्टरकडे गेले. पोरगेलासा होता. घरात कोणाला किडनीचा आजार होता का, म्हणाला. या प्रश्नाचं खरं उत्तर काय, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक. मी म्हणाले, "हो, आईला." मग तुम्हालाही जपायला हवं, म्हणत त्यानं तपासणी लिहून दिली. हे उत्तर दिल्याचं मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुला लिहिलेला हा कागदही घराबाहेर जायचा नाही. मी हात पुढे केला आणि रक्त दिलं.